काठ नसलेले तलाव

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटावर बसलेल्या माणसाला कडू बोलू नये, हे मलाही कळते. परंतु वर्षाचे बाकीचे अकरा महिने या विषयावर ऐकून घ्यायला कोणाला सवड नसते. दिवाळीत निदान अंक हातात असतो आणि दुपार मोकळी असते. तेव्हा वाचकांनी एक चकली तोंडात टाकावी आणि माझे भांडण ऐकून घ्यावे. भांडण एका कांद्यावरून आहे. तो खाण्याचा कांदा नव्हे. भांडण पुढे तलावापर्यंत जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावच्या तलावाची ही गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. कारण नाव सांगितले तर त्या गावाचे लोक रागावतील आणि इतर गावांचे लोक निर्धास्त होतील. या तलावाचे चारदोन वर्षांपूर्वी ‘सुशोभीकरण’ झाले. आधी त्याला मातीचा उतरता काठ होता. त्यावर गुरे पाण्याला उतरत, बगळे उभे असत, पावसाळ्यात बेडूक ओरडत आणि उन्हाळ्यात पाणी हटले की हिरवळीचा एक पट्टा उघडा पडे. सुशोभीकरणवाल्यांना हा सगळा प्रकार घाण वाटला. त्यांनी काठ खरवडला, सभोवार दगडसिमेंटची उभी भिंत घातली, वर फिरायला फरशीचा रस्ता केला, आणि त्या रस्त्याच्या कडेने सिमेंटच्या पेट्या मांडून त्यांत ‘स्पायडर लिली’ लावली. उद्घाटनाला मीही गेलो होतो. पेढाही खाल्ला.

पुढच्या चैत्रात त्याच रस्त्याने सकाळी फिरायला गेलो, तेव्हा पाण्याचा एक टँकर उभा होता. एक माणूस नळी धरून त्या पेट्यांतल्या सुकलेल्या लिलीला पाणी घालीत होता. खाली दहाबारा फुटांवर तलावात पाणी होते! त्याला विचारले, “दादा, पाणी कुठून आणलं?” तो म्हणाला, “विहिरीवरून. तलावात उतरायला वाट कुठं ठेवलीय?” या एका वाक्यात आमच्या साऱ्या सौंदर्यदृष्टीचा हिशेब आला. पाण्याच्या उशाशी बसलेल्या झाडाला आम्ही टँकरने पाणी पाजतो, आणि या उद्योगाला बाग म्हणतो.

ही लिली कोण? ती मूळची अमेरिका खंडातली. तिच्याशी माझे वैर नाही. परकी फुले नकोत, असले सोवळेही मी पाळीत नाही. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो झेंडू मेक्सिकोकडचा. ज्या निशिगंधाच्या वेण्या आणि हार आपण लग्नात घालतो, तो निशिगंधही मेक्सिकोचाच. ती फुले येथे आली, राबली, आपल्या सणांत मिसळली. आता त्यांना परके म्हणणे हा करंटेपणा होईल. माझी तक्रार पाहुण्याविषयी नाही. पाहुण्याला बसायला जागा देण्यासाठी घरच्या माणसाला ओट्यावरून ढकलून देण्याविषयी आहे. कारण अशाच काठांवर राहणारे, असेच पांढरे आणि तिच्याहून पाण्याला सरावलेले एक फूल आपल्याकडे आहे. ते लावणे दूरच. ते जिथे उगवते ती जागाच आपण पुसून टाकीत आहोत.

त्याचे नाव नागदवणा. बागेतला रुंद पानांचा मोठा नागदवणा पुष्कळांनी पाहिलेला असतो. हा त्याचा अरुंद पानांचा, ओढ्यानदीच्या काठी चिखलात राहणारा भाऊ. डोंगरउतारावरचा गडांबी कांदाही याच घराण्यातला. जमिनीत खोल कांदा, वर हात-दीड हात लांब पट्ट्यासारखी हिरवी पाने, आणि पावसाळ्याच्या दिवसांत पानांच्या बाजूने वर येणारा एक जाड दांडा. त्या दांड्यावर लांब नळीच्या पांढऱ्या फुलांचा झुबका येतो. पाकळ्या अरुंद, मागे वळलेल्या; मधले केसर लालसर. संध्याकाळ झाली की फुले उमलतात आणि काठावर सुवास पसरतो. हा सुवास आपल्यासाठी नसतो, लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी असतो. परंतु जाता जाता आपल्यालाही मिळतो. त्याला दाम पडत नाही आणि टँकर लागत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ याला क्रायनम विविपॅरम म्हणतात. जुन्या ग्रंथांत क्रायनम डिफिक्सम असे नाव आढळते. लॅटिनशी माझा परिचय बेताचाच. पण ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. ‘डिफिक्सम’ म्हणजे घट्ट रोवलेला. ‘विविपॅरम’ म्हणजे जिवंत पिल्ले घालणारा. एकाच झाडाची ही दोन नावे, आणि दोन्ही खरी. कांदा चिखलात खोल रोवलेला असतो, बाजूला पिल्ले काढीत त्याचे बेट होते, आणि पुराचे पाणी अंगावरून गेले तरी ते काठाची माती धरून बसते. उलट त्याचे बी प्रवासी. हरभऱ्यासारखे कडक टरफल त्याला नसते. ते मांसल, हिरवट, स्वतःपुरते पाणी पोटात घेऊन आलेले असते. पाण्यावर तरंगते, आणि कधीकधी फळात असतानाच त्याला कोंब फुटतो. असे बी आणून फळीवर नुसते ठेवले, तरी माती-पाण्यावाचून ते अंकुरते. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांना हा चमत्कार अवश्य दाखवावा. फटाक्यांपेक्षा जास्त दिवस टिकतो.

मुळाने काठ धरावा आणि बियाने नदी धरावी, असा हा संसार आहे. त्याला लागते फक्त एक गोष्ट: काठ. आणि नेमकी तीच आपण देईनासे झालो आहोत.

काठ म्हणजे काय, हे आता सांगावे लागते, अशी वेळ आली आहे. पाणी संपते आणि जमीन सुरू होते, ती रेघ म्हणजे काठ नव्हे. रेघेला कड म्हणतात. काठ म्हणजे पाण्याचे आणि जमिनीचे सामाईक अंगण. श्रावणात ते पाण्याखाली असते, कार्तिकात चिखल होते, वैशाखात भेगाळते. त्या अंगणात जे राहतात त्यांना बुडणेही सोसते आणि सुकणेही सोसते. अशा जिवांचे एक स्वतंत्र जग आहे. भिंत घातली की ते जग एका दिवसात नाहीसे होते. तलाव तसाच दिसतो, किंबहुना अधिक भरलेला दिसतो. परंतु तो आता तलाव नसून हौद असतो.

ही गोष्ट नंदुरबार जिल्ह्यात विशेष जिव्हारी लागावी, याला कारण आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. नकाशात पाहिले तर तो पाण्याने श्रीमंत वाटतो: उत्तरेला नर्मदा, मधून तापी, सातपुड्यातून उतरणाऱ्या गोमाईसारख्या नद्या, नवापूरकडे रंगावली. परंतु या पाण्याचे काठ पाहा. नर्मदेवर सरदार सरोवर झाले. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे त्याच्या बुडीत क्षेत्रात गेली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचले. त्या गावांतल्या माणसांनी जे सोसले त्यापुढे एका कांद्याची कथा ती काय! ती तुलना मी करीतही नाही. परंतु माणसांबरोबर नदीचा काठही बुडाला, हे कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून लिहितो. पाणी वर्षात कित्येक मीटर वर चढते आणि कित्येक मीटर खाली उतरते. अशा उघड्या उतारावर ना रान टिकते ना काठचे झाड. धरणाला पाणी असते, काठ नसतो.

तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बंधारे झाले. शेतीला पाणी आले, हे चांगलेच झाले. त्याला नावे ठेवणारा माणूस शहाद्या-नंदुरबारच्या उन्हाळ्यात एक आठवडा राहिलेला नसावा. पण अडवलेल्या फुगवट्यात नदीचा जुना चढउतार राहत नाही, आणि जुना काठ पाण्याखाली जातो. म्हणजे मोठ्या नद्यांचे काठ आपण गरजेपोटी दिले. तेव्हा उरले काय? उरले गावतलाव, पाझर तलाव, ओढे, नाले आणि डबकी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लोकांनी घमेली वाहून पाझर तलाव बांधले. पोटासाठी केलेल्या त्या कामांना मातीचे उतार होते, आणि पन्नास वर्षांत असे उतार ओल्या जागेच्या झाडाझुडपांनी भरून निघाले. गरजेने दिलेल्या काठांच्या बदल्यात हे लहान काठ तरी आपण राखायला हवे होते. ते आपण गरजेपोटी नव्हे, शोभेपोटी घालवीत आहोत. माझा राग येथे आहे.

२४ एप्रिल २०२२ रोजी अमृत सरोवरांची योजना जाहीर झाली: प्रत्येक जिल्ह्यात ७५ तलाव, प्रत्येक निदान एक एकराचा आणि दहा हजार घनमीटर पाण्याचा. भोवती वड, पिंपळ, कडुनिंब लावावेत, असेही सांगण्यात आले. ही झाडे उत्तमच आहेत. परंतु वड बांधावर असतो आणि पाणी खाली असते. मधल्या पट्ट्यात काय असावे, याचा विचार कोणी केला? तो पट्टा कागदावर कोणाच्याच खात्यात येत नाही. वनखाते म्हणते ते पाणी, पाटबंधारेवाले म्हणतात ती जमीन, आणि कंत्राटदार म्हणतो तिथे पिचिंग करू.

आता आक्षेप ऐकू. पहिला आक्षेप डासांचा. “काठ मातीचा ठेवला की डास होतात.” डास साचलेल्या उघड्या पाण्यात होतात, गच्चीवरच्या टाकीत होतात, टायरात होतात, आणि सुशोभीकरणाच्या बंद पडलेल्या कारंज्यात तर मुबलक होतात. बेडूक, चतुर आणि मासे यांना आसरा देणारा काठ खरवडून काढायचा आणि मग धूरफवारणीचे यंत्र आणायचे, हा कोणता हिशेब?

दुसरा आक्षेप सापांचा. काठाला झाडी असली की साप येतात, म्हणून ती साफ करा, असे एक म्हणतो. नागदवणा हे नावच सांगते की त्याने साप पळतात, म्हणून तो दाराशी लावा, असे दुसरा म्हणतो. दोघांपैकी एकानेही सापाला विचारलेले नाही. तलावाकाठी साप राहणार. आपण कंदील घेऊन, पाहून पाऊल टाकावे, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते.

तिसरा आक्षेप खरा महाराष्ट्रीय आहे: “याचा उपयोग काय?” खाता येत नाही, हे कबूल. आजचे वनस्पतिशास्त्र स्वयंपाकघरातल्या कांद्यालसणाला याच मोठ्या कुळात बसवते, पण हा नातलग विषारी आहे. त्यात लायकोरीन नावाचे द्रव्य असते. पोटात गेल्यास ओकाऱ्या होतात. मुलांना आणि गुरांना त्यापासून दूर ठेवावे, हे मी येथेच बजावून सांगतो. मग उपयोग? तो माती धरतो. दगडी पिचिंग माती धरण्यासाठीच करतात ना? ते एकदा ढासळले की पुन्हा अंदाजपत्रक येते. नागदवण्याचे बेट दरवर्षी आपणहून थोडे मोठे होते. त्याचे बिल येत नाही, हाच बहुधा त्याचा मोठा दोष असावा.

शोभेच्या हौसेने काय होते याचा एक धडा तर आपल्या नद्यांवर हिरव्या अक्षरांनी लिहिलेला आहे. जलपर्णी हीसुद्धा एके काळी जांभळ्या फुलांच्या शोभेसाठीच दक्षिण अमेरिकेतून आणलेली. आज ती काढायला यंत्रे लागतात. आणि तरीही तलावात काय लावावे असे विचारले, तर दुकानात जे मिळेल ते, हेच आमचे उत्तर!

कमळाविषयीही एक शब्द. तलाव म्हटला की आपल्याला कमळच आठवते. तोरणमाळला यशवंत तलाव आहे तसे कमळांचेही तळे आहे. सातपुड्यात हजार मीटरांहून उंचावर ती फुले पाहून कोणाचेही मन निवेल. परंतु कमळाला सदैव पाणी हवे. वैशाखात कोरडे पडणाऱ्या आपल्या लहान तळ्यांत ते कसे राहणार? तेथे नागदवणाच हवा. त्याचा कांदा खालची ओल धरून थांबतो आणि मृगाची वाट पाहतो. देवाच्या आसनाचे फूल तळ्याच्या मध्यभागी असू द्या. काठावर राबणाऱ्याला काठ तरी सोडा.

मात्र हे वाचून कोणी कुदळ घेऊन ओढ्यावर धावू नये. तसे झाले तर हा लेख लिहिला नसता तर बरे, असे म्हणण्याची पाळी माझ्यावर येईल. रानातले कांदे उपटून बागा सजवणे म्हणजे शेजाऱ्याचे देव चोरून आपला देव्हारा भरणे. या घराण्यातल्या सगळ्याच जाती सुदैवी नाहीत. नागदवण्याचा सह्याद्रीतला एक नातलग क्रायनम वुड्रोवी. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवणाऱ्या वुड्रो साहेबांचे नाव त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात दिले गेले. त्यानंतर शंभरावर वर्षे तो जणू नाहीसाच झाला होता. २००४ साली महाबळेश्वरी पुन्हा सापडल्याची नोंद झाली. मूठभर जागेत राहणाऱ्या अशा झाडाला एक उत्साही बागप्रेमी आणि एक पोते पुरेसे असते. आपल्या ओढ्याकाठचा नागदवणा इतका दुर्मिळ नाही. म्हणूनच तो आहे तोवर त्याला राखणे सोपे आहे.

आणि उपटायची गरजही नाही. पावसाळा सरता सरता फळे पिकतात. गळून पडलेली चारदोन बिया उचलाव्यात, बाकीच्या नदीला ठेवाव्यात. बिनभोकाचे जुने घमेले किंवा फुटकी टाकी घ्यावी. तळाशी वाळू, वर तळ्यातला गाळ आणि पोयट्याची माती. बी पुरू नये. ओल्या चिखलावर अर्धे दाबून ठेवावे. कोंब खाली जातो, कांदा आपला आपण बसतो. ऊन भरपूर द्यावे, चिखल ओला ठेवावा, वर पाणी उभे राहू देऊ नये, म्हणजे डासांचा प्रश्नच येत नाही. फुलाला तीन-चार वर्षे लागतात. ज्यांना एवढा धीर नसेल त्यांनी ओळखीच्या बागेतल्या बेटातून एखादे पिल्लू मागून घ्यावे. पानांवर पट्टेदार अळ्या दिसल्या तर हाताने वेचाव्यात. औषध मारू नये, कारण ते शेवटी पाण्यात जाते.

हल्ली शहरांतून ‘बॉग गार्डन’ नावाची चूष निघाली आहे, म्हणजे दलदलीची बाग. इंग्रजी नाव ऐकून पुष्कळांना ती विलायती कला वाटते. वास्तविक प्रत्येक जुन्या मराठी घराच्या परसात ती होती. मोरीचे पाणी जिथे जाई, तिथे अळू असे. त्या अळवाचे फतफते आणि वड्या खाऊनच आपण वाढलो! तो वाफा हीच आपली दलदलीची बाग. तिच्यापासून थोड्या अंतरावर, पानांची सरमिसळ होणार नाही असा, नागदवण्याचा एक वेगळा वाफा करावा. खाण्याचे खाण्याजवळ, वासाचे वासाजवळ.

परंतु घरच्या घमेल्याने तलाव वाचत नाही, हेही खरे. म्हणून माझी मागणी ग्रामसभेपुढे आहे. कोणत्याही तलावाचे काम निघाले की एकच अट घालावी: निदान एक बाजू मातीची, उतरती आणि उघडी राहील. गुरांना उतरायला वाट राहील, पडलेल्या कुत्र्याशेळीला बाहेर यायला जागा राहील, आणि बेडकाला घर राहील. त्या बाजूला सिमेंट नाही, फरशी नाही, पेट्या नाहीत. तिथे शाळेच्या पोरांनी पावसाळ्याआधी अंकुरलेले बी दाबावे. खर्च शून्य. उद्घाटनालाही काही नाही, फीतही नाही. म्हणूनच ही मागणी मान्य होणे अवघड आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरी ती करावीच लागेल, आणि ती गावानेच करावी लागेल. दरवर्षी फुलणाऱ्या झाडाचा पाठपुरावा करणारा कंत्राटदार अजून जन्माला यायचा आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा धनत्रयोदशीपासून सुरू होणाऱ्या अस्तंब्याच्या यात्रेला सातपुड्यात लोक निघाले असतील. कपाळीची जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामा त्या रानात भेटतो आणि तेल मागतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. रात्री त्या वाटेने चालणाऱ्यांना अजून वाहते ओढे ओलांडावे लागतात. ओढा ओलांडायचा म्हणजे आधी काठावर पाय ठेवायचा, चिखलात थोडे घसरायचे, मग पाण्यात उतरायचे. त्या काठांना अजून कोणी भिंत घातलेली नाही. यात्रेहून परतताना एखादे गळलेले हिरवे बी दिसले, तर दोन उचला आणि आपल्या गावच्या तळ्याशी आणा. आणि काठ कुठे आहे, ते आधी पाहा. नसेल, तर भांडायला सुरुवात करा. मी एकटा भांडून थकलो आहे.